लग्नाच्या कॅसेटी आणि भरलेली हार्ड डिस्क

वीसेक वर्षांपूर्वी घरातल्या लग्नाचं शूटिंग मिनीडीव्ही कॅसेटवर झालं असेल आणि ते आता तुम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं असेल, तर फाइलचा आकार पाहून धस्स होतं. तासाला सुमारे १३ जीबी! चार तासांचं लग्न म्हणजे ५० जीबीच्या वर. अनेकजण मग फाइल झिप करून बघतात. त्याने फारसा फरक पडत नाही.

आकार एवढा का? डीव्ही प्रकारात सेकंदाला २५ चित्रं असतात आणि त्यातलं प्रत्येक चित्र स्वतंत्र, संपूर्ण साठवलं जातं. मागचा मांडव जागचा हलत नाही, तरी तो दर सेकंदाला २५ वेळा नव्याने लिहिला जातो. २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत मुख्यतः बदललेला भागच नोंदवते. म्हणून तासाभराची फाइल बहुतेक वेळा दोन जीबीच्या आसपास, कधी त्याहूनही लहान होते.

हे काम हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्राम करतो. तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. त्यात दर्जाची एक पट्टी आहे, आरएफ नावाची. इथे आकडा उलटा चालतो: लहान आकडा म्हणजे चांगलं चित्र आणि मोठी फाइल. कॅसेटच्या चित्राला १८ ते २२ योग्य. मी २० सुचवेन. डीइंटरलेस सुरू आहे ना, तेही बघा, नाहीतर हलणाऱ्या माणसांच्या कडांना आडव्या रेषा दिसतात. रिझोल्यूशन मात्र वाढवू नका. जे कॅसेटवर टिपलंच गेलं नाही, ते त्याने येत नाही, फाइल तेवढी फुगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अख्खी फाइल लावण्याआधी एका मिनिटाचा तुकडा करून बघा, आणि तो अक्षता पडतानाचा घ्या. पाहुणे खुर्च्यांवर बसलेत, हे दृश्य कुठल्याही आकड्यावर बरंच दिसतं. अक्षतांच्या वेळी शेकडो दाणे एकाच वेळी हलतात, जवळपास सगळं चित्रच बदलत असतं. दर्जा कमी पडला तर तिथेच चौकोन चौकोन दिसू लागतात, नवरा-नवरीचे चेहरे पुसट होतात. तसं झालं तर आकडा दोनाने कमी करा.

लहान केलेली फाइल पुन्हा लहान करू नका. दर वेळी चित्रातलं काहीतरी कायमचं जातं. नवी प्रत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लावून बघा, मंगलाष्टकांचा आवाज ओठांशी जुळतोय ना, ते ऐका. तोवर मूळ फाइलला हात लावू नका. जमलं तर ती वेगळ्या डिस्कवर कायमची ठेवा.

एच.२६५ ही नवी पद्धत आकार आणखी कमी करते, पण वेळ जास्त घेते आणि जुन्या टीव्हीवर अनेकदा चालत नाही. आजी-आजोबांच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून आधी एच.२६५ मध्ये केलेला तोच मिनिटभराचा तुकडा चालतोय का ते बघा, मगच ती निवडा.