सातासमुद्रापलीकडचा पाली शिक्षक



कर्जत-खालापूरच्या आपल्या मुलांना परदेशातील नोकरीचे आकर्षण आहे आणि इंग्रजीची धास्तीही आहे. म्हणून आज धर्मानंद कोसंबींविषयी बोलतो.

१८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या माणसाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. पाली ते सिलोनमध्ये विद्योदय विद्यालयात शिकले. पुढे सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये दिले. अट अशी, की महाराष्ट्रात राहायचे आणि दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यायचे. (आमच्या बँकेच्या कर्जापेक्षा ही अट अवघड!) याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले.

धर्मानंद १९१० साली हार्वर्डला गेले ते वॉरन यांच्या हातून अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन पुरे करायला. ब्रह्मी आणि सिंहली पोथ्यांवर आधारलेला तो मजकूर, त्यातला शब्द न् शब्द तपासायचा. परदेशी नोकरी म्हणतात ती रोजच्या रोज अशी असते. फोटोत ती दिसत नाही. १९१८ साली ते पुन्हा गेले तेव्हा माणिक व दामोदर ही मुले बरोबर होती. पत्नी बाळाबाई मागे राहिल्या. त्या पगाराची ही किंमत कोणी मोजत नाही. अमेरिकेच्या एकंदर चार वाऱ्या झाल्या. १९२९ साली लेनिनग्राडलाही त्यांनी पाली शिकवली.

हार्वर्डची प्रत निघाली १९५० साली. धर्मानंद १९४७ सालीच सेवाग्रामला वारले होते.

२०२४ साली मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता विद्यार्थ्यांना विचारतो: तुमच्यापैकी पाली विषय कोणी घेतला आहे? जरा हात वर करा.