थांबण्याचे धैर्य
(शाळेच्या हीरक महोत्सवात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



आपल्या शाळेचे विज्ञान मंडळ यंदा छोटी रॉकेटे उडवण्याचा उपक्रम हाती घेत आहे, हे ऐकून आनंद झाला. त्या निमित्ताने दोन शब्द बोलतो.

नोकरीनिमित्त मी लखनौला, अमौसी विमानतळाजवळ स्थायिक झालो. अंतराळ स्थानकाहून परतलेले शुभांशु शुक्ला 25 ऑगस्ट 2025 रोजी आपल्या जन्मगावी आले, ते याच विमानतळावर. त्यांच्या स्वागताला शाळकरी मुलेही आली होती. त्या मुलांना उड्डाणाचे अप्रूप. मला मात्र उड्डाण लांबल्याचे मोल अधिक वाटते. 11 जूनचे उड्डाण ठरलेले असताना रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. सारे जग वाट पाहत होते, तरी आधी दुरुस्ती करण्याचे ठरले. पुढे आणखी तारखा बदलल्या आणि 25 जूनला ते यान झेपावले.

आपले रॉकेट हातभर लांबीचे असेल, पण नियम तोच. त्यातले घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही. म्हणून सारी सावधगिरी पेटण्यापूर्वीचीच. दारू घरी कुटून इंजिन बनवू नये. कारखान्यात तयार झालेलेच वापरावे. काडी न लावता दुरून, विजेच्या साहाय्याने पेटवावे. पेटवणीच्या यंत्राची सुरक्षा-चावी रॉकेटजवळ जाणाऱ्याच्या खिशात असावी, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून चुकूनही बटण दाबले जाणार नाही. लहान इंजिनांसाठी किमान 5 मीटर, मोठ्यांसाठी 10 मीटर अंतर राखावे. भोवतालचे वाळलेले गवत काढावे, वारा पाहावा, आकाशात विमान नाही याची खात्री करावी. अमौसीसारख्या विमानतळाच्या परिसरात तर हा खेळ नकोच. उलटी गणती मोठ्याने करावी. रॉकेट उडाले नाही, तर चावी काढून पूर्ण एक मिनिट थांबावे. मगच जवळ जावे.

या साऱ्यांत अवघड आहे ते शेवटचे मिनिट. पाहुणे बसलेले, मित्र ओरडत असलेले, आणि आपले रॉकेट मात्र निश्चल! अशा वेळी पाय आपोआप पुढे धावतात. तेव्हा एखादा विद्यार्थी ‘थांबा’ म्हणाला, तर त्याला भित्रा म्हणू नका. पालकहो, त्या दिवशी रॉकेट उडाले नाही तरी घरी गेल्यावर त्याची पाठ थोपटा. उंच उडालेल्या रॉकेटाला टाळ्या मिळतातच. थांबवणाऱ्यालाही त्या मिळाव्यात, ही प्रथा आपल्या शाळेपासून सुरू व्हावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.