सातपर्यंत मांडून पाहिलंस का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



चेन्नईत आल्यापासून दर गणपतीत कोणीतरी मला विचारतं, "गणितात आता संशोधन करायला उरलंय काय?" आज उत्तर द्यायची संधी मिळाली आहे.

शंख, चक्र, गदा, पद्म यांची चार हातांत अदलाबदल केली, तर विष्णूच्या मूर्ती किती प्रकारच्या होतील, असं भास्कराचार्यांनी 'लीलावती'त विचारलं आहे. उत्तर २४. अशा मोजणीला बीजगणिताची जोड दिली, की माझा विषय होतो: अल्जिब्राइक कॉम्बिनेटोरिक्स.

समजा, वेगवेगळ्या उंचीच्या पाच मुलांचा फोटो काढायचा आहे. पुढे तिघं, आणि त्यांतल्या डावीकडच्या दोघांच्या मागे दोघं. प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे उंची वाढत जावी आणि मागचा पुढच्यापेक्षा उंच असावा. एरवी ही मुलं १२० प्रकारे उभी राहतील. या अटीत फक्त ५. कसं? प्रत्येक जागेसाठी ती स्वतः, तिच्या उजवीकडच्या आणि मागच्या जागा मोजा: ४, ३, १, २, १. गुणाकार २४. १२० भागिले २४, उत्तर ५. हे सूत्र फ्रेम, रॉबिन्सन आणि थ्रॉल यांनी १९५४ साली दिलं. हीच संख्या पाच वस्तूंच्या अदलाबदलीच्या बीजगणितात अगदी वेगळ्या वाटेनं पुन्हा भेटते. एका संख्येची अशी दोन घरं का, हे शोधणं आमचं काम.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी असाच एक नियम मांडला. सहापर्यंत तो बरोबर येत होता. चार महिने खपून सिद्धता लिहिली आणि गाइडसरांपुढे ठेवली. त्यांनी एवढंच विचारलं, "सातपर्यंत मांडून पाहिलंस का?" रात्रभर चौकटी भरल्या. सातला नियम मोडला. सर रागावले नाहीत. म्हणाले, "मोडला तिथेच खरं काम आहे." माझा प्रबंध त्या मोडलेल्या जागेतूनच उभा राहिला.

पुढे मी स्वतः गाइड झालो आणि हे विसरलो. एक विद्यार्थिनी सहा महिने अडली होती. दर आठवड्याला रिकाम्या हातानं यायची. मला ते बघवेना, म्हणून मी वाट सांगून टाकली. तिनं सगळं नीट लिहून आणलं, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. "सर, हे तुमचं आहे," ती म्हणाली. मदत म्हणून मी तिच्या हातातला घासच काढून घेतला होता.

पुढच्या प्रश्नाला मी गप्प बसलो. ते फार जड गेलं. दर भेटीत फक्त विचारायचो, "किती पर्यंत मांडलंस?" आठ महिन्यांनी तिनं मोजायची जी रीत आणली, ती मला सुचली नसती.

पालकहो, मूल गणितापाशी अडून बसलं, तर लगेच उत्तर सांगू नका. शेजारी बसा. कागद पुरवा. आणखी एक उदाहरण मांडायला सांगा. अडणं म्हणजे हरणं नव्हे.

आज विघ्नहर्त्यापुढे उभा राहून मी एवढंच मागतो: विघ्नं हरावीत, पण विद्यार्थ्यांसाठी एखादं ठेवावं!

गणपती बाप्पा मोरया!