काजळीचा आवाज

आमच्या गटातल्या बऱ्याच जणी मिरकरवाडा बंदरावर म्हावरं विकतात. पहाटे लिलावाला उभं राहायचं, पाटी भरायची आणि बाजार गाठायचा. नेमक्या त्याच वेळी शेजारी डिझेलची इंजिनं सुरू होतात. थंड इंजिन काळा लोट सोडतं, तो थेट आमच्या तोंडावर. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो असं जाहीर केलं. हे ऐकल्यापासून आम्हाला तो रुमाल नुसता धुऊन टाकवत नाही.

एकीने बैठकीत विचारलं, "टेम्पोला पीयूसी लागतं, मग लाँचला का नाही?" तर पीयूसी मोटार वाहन कायद्यातलं, रस्त्यावरच्या गाड्यांसाठी. आणि त्यात तरी डिझेल गाडीचं काय बघतात? धुरातून उजेड सोडतात, पलीकडे किती पोचला ते मोजतात. दाट काळा धूर त्यात सापडतो. पण काजळीचा सुटा कण केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी बारीक. धूर दिसेनासा झाला म्हणजे काजळी संपली असं नव्हे.

मग आमच्यातल्या एकीची कॉलेजात जाणारी मुलगी हवेतले कण मोजणारी छोटी पेटी घेऊन आली. आत लेसरचा झोत असतो. कण आडवा आला की उजेड विखुरतो, त्यावरून पेटी हिशेब लावते. थंडीतली पहाट, धुकं पडलेलं, आकडा भराभर चढला. आम्ही खूश, पुरावा मिळाला म्हणून! मग लक्षात आलं, अजून एकही इंजिन सुरू झालं नव्हतं. पेटीने धुक्याचे थेंब मोजले होते. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठही तिला कणच. उलट इंजिनातली अगदी बारीक काजळी तिच्या नजरेतून निसटते.

काजळीच ओळखायची तर यंत्र वेगळं. त्यात लेसरचा उजेड झपझप चालू-बंद करतात. काळा कण उजेड पितो आणि तापतो, भोवतालची हवा फुगते, आकसते. हवेचं असं थरथरणं म्हणजेच आवाज. तो माइक ऐकतो. काजळी जास्त तर आवाज मोठा. पाण्याचा थेंब तो उजेड पीत नाही, म्हणून गप्प राहतो. मुळात ही गोष्ट टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने 1880 मध्ये पाहिली. खाचा पाडलेल्या फिरत्या चकतीतून त्याने ऊन सोडलं, नाना पदार्थांवर पाडलं, आणि काजळी फार मोठ्याने बोलली. हो, तीच, दिव्यावर वाटी धरून आपली आजी काजळासाठी जमवायची ती.

इंजिनांचा धूर तपासण्याचं काम पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन करते. 1 एप्रिल 2020 पासून भारतात बीएस-6 लागू झालं. त्यात नव्या डिझेल मोटारीने एका किलोमीटरला 60 हजार कोटींपेक्षा जास्त कण सोडायचे नाहीत. आकडा ऐकून आमच्या हिशेबनीस बाई म्हणाल्या, "एवढे सोडून परत मर्यादेत?" पण मोटारीचे निदान मोजले तरी जातात.

बंदरावर एकदा तरी काजळी मोजावी, आणि पहाटे लिलावाच्या वेळीच मोजावी, असा अर्ज आम्ही लिहिला आहे. सह्या चालू आहेत. तोवर दोन तांडेलांशी बोललो. लिलाव चालू असताना इंजिन उगाच घरघरत ठेवायचं नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. एकाने पाळलं. दुसऱ्याकडे उद्या पुन्हा जाणार आहोत.