टोपणनाव आणि अधिकार

आमच्या ख्रिस्ती घरांतून मुलाला पुष्कळदा दोन नावे असतात. एक बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेले आणि चर्चच्या दप्तरात नोंदलेले; दुसरे आजीने हाक मारण्यासाठी ठेवलेले. घरातल्या नावाने दप्तर चाळले तर मूल सापडत नाही. लिनक्स पद्धतीच्या संगणकावर मला हाच अनुभव आला, आणि तो महागात पडला.

या संगणकाला कळफलकावरून शब्दांत आज्ञा देता येतात. त्या वाचून घेणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. 'बॅश' हा त्यांतला सर्वपरिचित. आज्ञेला आपल्या सोयीचे टोपणनाव देण्याची मुभा तेथे असते. त्याला 'एलिअस' म्हणतात. फाइल पुसण्याची आज्ञा 'आरएम'. ती सहसा काही न विचारता फाइल पुसून मोकळी होते. म्हणून मी अशी व्यवस्था केली होती की, 'आरएम' म्हटले की शेलने 'आरएम -आय' समजावे, म्हणजे प्रत्येक फाइलीपूर्वी 'पुसू का?' असा प्रश्न यावा. वर्षभर तो प्रश्न येत राहिला आणि मी त्यावर विसंबत गेलो.

एके दिवशी शाळेच्या संगणकावरील काही फाइली माझ्या साध्या अधिकारात पुसल्या जाईनात. तेव्हा मी आज्ञेपूर्वी 'सूडू' हा शब्द लावला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी रचलेली ही आज्ञा पुढचे काम प्रशासकाच्या अधिकाराने करवून घेते. मी प्रश्नाची वाट पाहत बसलो. प्रश्न आलाच नाही! नको त्या फाइलींबरोबर सहामाहीचे गुणही गेले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कपाटात होते, म्हणून दोन रात्री जागून ते पुन्हा भरता आले.

झाले होते ते असे. शेल केवळ पहिला शब्द टोपणनाव आहे काय, हे पाहते. येथे पहिला शब्द 'सूडू' होता, 'आरएम' दुसरा. सूडूला आपल्या घरातली नावे ठाऊक नसतात. तो खऱ्या नावाची आज्ञा शोधतो. तशी नसली तर 'आज्ञा सापडली नाही' एवढेच उत्तर येते व नुकसान टळते. माझ्या दुर्दैवाने त्याच नावाची खरी आज्ञा होती.

यावरचा उपाय पाहून हसू येते. टोपणनावाच्या अर्थाच्या शेवटी मोकळी जागा असेल, तर बॅश पुढचा शब्दही तपासते. म्हणून 'डॉट बॅशआरसी' या फाइलीत सूडूलाच टोपणनाव द्यावयाचे: एलिअस, जागा सोडून सूडू, लगेच बरोबरचे चिन्ह, एकेरी अवतरणचिन्ह, पुन्हा सूडू, एक मोकळी जागा, आणि अवतरणचिन्ह बंद. ती फाइल पुन्हा वाचविली की झाले.

मात्र सूडूनंतर '-यू' सारखा पर्याय आला, की पुढचा शब्द तोच ठरतो आणि टोपणनाव पुन्हा अनोळखी होते. शिवाय दुसऱ्याच्या यंत्रावर माझी टोपणनावे कोठून असणार? सूडूबरोबर फाइल पुसावयाची असली की '-आय' मी आता हातानेच लिहितो.