दोष आणि बोध

एखादी मोठी दुर्घटना घडली, की शोकाच्या पाठोपाठ एक प्रश्न उभा राहतो: चूक कोणाची? हा प्रश्न अस्वाभाविक नाही. घरातला कर्ता मुलगा गेला आणि त्याच्या जाण्याला काही कारणच नव्हते, हे मानणे मनुष्याला सोसत नाही. अकारण आलेल्या मृत्यूपेक्षा कोणाच्या तरी अपराधाने आलेला मृत्यू त्याला अधिक समजण्याजोगा वाटतो. परंतु या प्रश्नाचे खरे उत्तर घाईने मिळत नाही. आणि घाईने काढलेले उत्तर पुष्कळदा निरपराध माणसाच्या माथी बसते.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास सौदी अरेबियाचे एक बोइंग ७४७ विमान दिल्लीहून धाहरानकडे निघाले. त्यात ३१२ माणसे होती. त्यांपैकी बहुसंख्य भारतीय, आणि त्यांतले अनेक आखाती देशांत पोटासाठी चाललेले कामगार. त्याच वेळी कझाकस्तानातील चिमकेंटहून आलेले इल्यूशिन विमान ३७ जणांना घेऊन दिल्लीकडे उतरत होते. हरियाणातील चरखी दादरीजवळ, अंधारात आणि ढगांत, ही दोन विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. आकाशात झालेल्या टकरींपैकी इतकी भीषण दुसरी टक्कर जगाच्या इतिहासात नाही. राजधानीच्या परिसरात आज मोडणाऱ्या त्या शेतांमध्ये, मैलोगणती अंतरावर, विमानांचे अवशेष विखुरले होते.

लगोलग तर्कांना ऊत आला. कोणी दिल्लीच्या विमान-नियंत्रकाला जबाबदार धरले. कोणी विमानतळावरील जुन्या रडारकडे बोट दाखवले. कोणी परदेशी वैमानिकांच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीकडे. प्रत्येक तर्कामागे काहीतरी आधार होता, आणि म्हणूनच तो धोक्याचा होता. निव्वळ खोटे लवकर उघडे पडते; अर्धे खरे मात्र पूर्ण सत्याच्या जागी बसून राहते.

चौकशीचे काम त्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्याकडे सोपवण्यात आले. दोन्ही विमानांतील नोंदयंत्रांचे वाचन मॉस्को आणि इंग्लंडातील फार्नबरो येथे झाले. त्यातून जे निष्पन्न झाले, ते असे. नियंत्रकाने कझाक विमानाला १५,००० फुटांवर आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. समोरून दुसरे विमान येत असल्याची सूचनाही त्याने कझाक विमानाला दिली होती. तरीही कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम संदेशवाहकाचे. परंतु त्याच्यासमोर उंची दाखवणारे यंत्र नव्हते, ते पाहण्यासाठी त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावे लागे. शिवाय त्या वैमानिकांना फुटांपेक्षा मीटरची सवय अधिक. ढगांतील खळबळीमुळे विमान खाली खेचले गेले, असा मुद्दाही पुढे आला. परंतु सूचनेचे पालन झाले नाही, हाच आयोगाच्या निष्कर्षाचा गाभा राहिला.

म्हणजे ज्या नियंत्रकाकडे संशयाने पाहिले गेले, त्याने आपले काम केले होते. निकाल येईपर्यंत त्याने कोणत्या मनःस्थितीत दिवस काढले असतील, याचा विचार तर्क करणाऱ्यांपैकी किती जणांनी केला असेल?

येथे कोणी म्हणेल, दोषी सापडला, प्रकरण मिटले. वस्तुतः खरा प्रश्न येथेच सुरू होतो. एका विमानातील माणसांची एक चूक ३४९ जणांचा प्राण घेऊ शकते, अशी स्थिती मुळात होती कशी? दिल्लीचे आकाश बव्हंशी हवाई दलासाठी राखीव असल्याने येणारी व जाणारी विमाने एकाच हवाई मार्गाने समोरासमोर ये-जा करीत. नियंत्रकापुढचे रडार विमानाचे ठिकाण दाखवी, उंची दाखवीत नसे. वैमानिक सांगेल ती उंची खरी मानण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. जुन्या रडारवर बोट ठेवणारे लोक व्यक्तीच्या बाबतीत चुकले असतील. व्यवस्थेच्या बाबतीत ते अगदीच चुकले नव्हते. या दुर्घटनेनंतर येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे रडार कार्यान्वित झाले, आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र भारतात उडणाऱ्या प्रवासी विमानांवर बंधनकारक करण्यात आले. केवळ मृत वैमानिकांना दोष देऊन समाज थांबला असता, तर यांपैकी काहीही घडले नसते.

दोषारोपाची घाई कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण युरोपात घडले. १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीतील युबरलिंगेनवर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण मरण पावले. त्यांत बहुतेक रशियन शाळकरी मुले होती. झुरिचचा नियंत्रक त्या रात्री एकटाच दोन जणांचे काम पाहत होता आणि देखभालीच्या कामामुळे त्याची दूरध्वनी यंत्रणाही पुरती चालू नव्हती. पत्नी आणि दोन मुले गमावलेल्या एका पित्याने फेब्रुवारी २००४ मध्ये त्या नियंत्रकाचा त्याच्या घरी जाऊन खून केला. चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला तो त्यानंतर, मे महिन्यात. आणि त्यात नियंत्रण-संस्थेच्या कारभारातील उणिवा नमूद होत्या. पुढे २००७ मध्ये त्या संस्थेतील चौघांना न्यायालयाने दोषी ठरवले. त्या पित्याचे दुःख अपार होते, परंतु त्याच्या सुडाने एक घर आणखी उजाड झाले, एवढेच.

विमान-अपघातांच्या चौकशीसंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम १९५१ साली प्रथम स्वीकारले गेले. आज त्यांत असे स्पष्ट सांगितले आहे, की चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, दोष वाटून देणे हा नव्हे. याचा अर्थ अपराध्याला मोकळे सोडावे असा नाही. त्यासाठी न्यायालये आहेत. अर्थ एवढाच, की शिक्षेच्या भीतीने माणसे बोलेनाशी झाली, तर सत्य त्यांच्याबरोबरच गप्प होते.

लोकांनी प्रश्न विचारूच नयेत, असे कोणी म्हणणार नाही. लोकक्षोभ नसता, तर अनेक चौकशा दप्तरातच राहिल्या असत्या. मात्र पहिल्या आठवड्यात जो जनसमुदाय अपराध्याचे नाव मागतो, त्याने वर्षानंतर येणारा अहवालही तितक्याच आस्थेने मागितला पाहिजे. गेलेल्यांचे ऋण दोष देऊन फिटत नाही. त्यांच्या मरणातून निघालेला बोध अमलात आला, तरच त्याची थोडीफार फेड होते.