जलोदरातील बदलते जंतू
(मंठा येथील वार्षिक सभेत केलेल्या भाषणातील काही भाग)



यकृताच्या सिरोसिसमध्ये पोटात पाणी साचते, त्यास आपण जलोदर म्हणतो. आतड्यातील जंतू या पाण्यात शिरतात आणि आतड्यास कोठेही छिद्र नसताना उदरावरणास संसर्ग होतो. ताप येईलच असे नाही. कित्येकदा रुग्ण असंबद्ध बोलू लागतो किंवा लघवी कमी होते, एवढेच. घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो.

१९८०च्या दशकापासून यावरील उपचार जणू ठरून गेला होता. जंतू बहुधा ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला असत आणि सेफोटॅक्झिम त्यांना पुरे पडे. जंतू न ओळखताही अंदाज बरोबर येई. आता त्यावर विसंबता येत नाही. वारंवार रुग्णालयात राहिलेल्यांत एन्टेरोकॉकस आढळतो, ज्यावर या गटातील औषधे मुळातच चालत नाहीत, ई. कोलायही पूर्वीसारखा दबत नाही. २०१५-१६ मध्ये विविध खंडांतील ४६ केंद्रांत संसर्ग झालेल्या १,३०२ सिरोसिसग्रस्तांची पाहणी झाली. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रमाण ३४ टक्के निघाले. आशियात ते सर्वाधिक, भारतात विशेष.

मग मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी काय करता येईल? पुष्कळ. सुईने काढलेल्या पाण्यात दर घन मिलिमीटरला २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल पेशी दिसल्या की निदान होते. त्यास सूक्ष्मदर्शक आणि जाणता तंत्रज्ञ पुरतो. तेच पाणी रुग्णाच्या खाटेशीच कल्चरच्या बाटलीत भरावे, आणि तेही पहिल्या प्रतिजैविकापूर्वी. बाटली फ्रीजमध्ये न ठेवता जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवता येते. (यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, बाटलीवर नाही, तरीही बाटल्यांसाठी निधी हवा.)

दुसरा खर्च अल्ब्युमिनचा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात प्रतिजैविकासोबत ते दिल्यावर रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. मूत्रपिंडे वाचतात, म्हणून रुग्ण वाचतो. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबास मात्र ही बाटली परवडत नाही.

आप्तेष्टांना एक विनंती. मागील तीन महिन्यांत प्रतिजैविक घेतलेल्यांत हट्टी जंतूंचा धोका अधिक असतो. म्हणून रुग्णाला आणताना जुने कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत आणावीत. पहिले इंजेक्शन कोणते द्यायचे, हे डॉक्टर त्यांवरून ठरवतात.